पायाखालची जमीन आणि तिचे कागद

लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी मला तीन पानांचा एक दस्त पाठवला. तिच्या इमारतीतल्या काही कुटुंबांनी मिळून इमारत आणि तिच्याखालची जमीन मूळ मालकाकडून विकत घ्यायचे ठरवले होते. मामा गेली अकरा वर्षे आपल्या सोसायटीच्या जमिनीमागे लागलेला आहे, हे तिला घरच्या गप्पांतून ठाऊक होते. 'मामा, हे आमच्या जमिनीचे टायटल. सरकारी खात्याकडून थोड्याशा पौंडांत मिळाले. तुमचे केवढे आहे?' असा तिचा प्रश्न होता. उत्तरादाखल मी आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा फोटो पाठवला. चार खण, एकोणीस फायली, आणि एका फायलीला उंदराने खाल्लेला कोपरा.

तिला गंमत वाटली. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. मी कायद्याचा पदवीधर नाही. एका कारखान्यात भांडारपाल म्हणून नोकरी केली, आणि सोसायटीचा चिटणीस कोणी व्हायला तयार नव्हते म्हणून झालो. पण तीन पाने आणि एकोणीस फायली यांत जे अंतर आहे ते दोन देशांच्या टापटिपीतले नव्हे, 'मालक' या शब्दाच्या अर्थातले आहे, असे मला हळूहळू दिसू लागले. ते अंतर समजून घेण्याचा हा प्रयत्न.

आधी भाचीची गोष्ट. इंग्लंडमध्ये सदनिका विकत घेणारा बहुधा ती कायमची घेत नाही. तो ९९, १२५ किंवा त्याहून अधिक वर्षांचा भाडेपट्टा घेतो. जमीन आणि इमारत ज्याची, तो फ्रीहोल्डर. मुदत सरत जाते तशी सदनिकेची किंमत घटत जाते आणि मुदत संपली की घर मूळ मालकाकडे परत जाते. या व्यवस्थेविरुद्ध तिथे दीर्घकाळ असंतोष होता. १९६७ च्या कायद्याने स्वतंत्र घरांच्या भाडेपट्टेदारांना आपली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. १९९३ च्या कायद्याने तो सदनिकाधारकांना सामुदायिकरीत्या दिला. इमारतीतल्या किमान निम्म्या सदनिकांनी एकत्र येऊन नोटीस द्यायची, आपल्या वतीने खरेदीदार नेमायचा, बहुधा त्यासाठी एक छोटी कंपनीच काढायची, आणि मालकाला विकायला लावायचे. मालक नाही म्हणू शकत नाही असे नाही, पण नाही म्हणायची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत.

आता यात हक्क सिद्ध करायचा तो कोणी? मला वाटले होते मालकाने. तोही करतोच. पण १९९३ च्या कायद्याच्या विसाव्या कलमात उलटी तपासणी आहे. नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत मालक विचारू शकतो, की नोटिशीवर सह्या करणारे हे लोक खरोखर भाडेपट्टेदार आहेत हे दाखवा. पुढच्या २१ दिवसांत ते दाखवता आले नाही आणि त्या नावांवाचून निम्म्यांची संख्या भरत नसेल, तर नोटीस मागे घेतली असे मानले जाते. मग बारा महिने नवी नोटीस नाही.

भाचीच्या इमारतीत आठ सदनिका, तयार झालेली कुटुंबे पाच. त्यांतल्या एकाने घर नुकतेच घेतलेले. पैसे दिले, किल्ली मिळाली, पण सरकारी नोंदवहीत अजून विकणाऱ्याचेच नाव. दुसऱ्याचे घर वारलेल्या आईच्या नावावर, मृत्युपत्राचा प्रोबेट बाकी. दोघे गळले तर उरतात तीन, आणि हवेत चार. तिथे नोंदणी झाल्याशिवाय कायदेशीर मालकी सरकत नाही, त्यामुळे किल्ली खिशात असूनही माणूस मालक नसतो. ते पाच महिने थांबले. नोंदवहीत नावे चढली तेव्हाच नोटीस गेली.

म्हणजे तिथली सगळी मदार त्या नोंदवहीवर. तिचे तीन भाग असतात. मालमत्ता कोणती, मालक कोण, बोजे कोणते. भाचीची तीन पाने म्हणजे हे तीन भाग. त्यात लिहिले ते खरे, आणि चुकीचे निघून कोणाचे नुकसान झाले तर भरपाई सरकार देणार. ही व्यवस्था काही तिथे पहिल्यापासून नव्हती. भूनोंदणीचा पहिला कायदा १८६२ चा, पण संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रीनंतर नोंदणी सक्तीची व्हायला १९९० चा डिसेंबर उजाडला. त्याआधी तिथलाही विक्रेता आपल्यासारखाच जुन्या दस्तांचे बाड काढून साखळी दाखवत बसे. किती वर्षे मागे जायचे याची मर्यादा १८७४ च्या कायद्याने चाळीस वर्षांवर आणली, १९२५ च्या कायद्याने तीसवर, आणि १९६९ मध्ये पंधरावर. मुंबईचे सॉलिसिटर आजही तीस वर्षांचा शोध अहवाल मागतात, तेव्हा त्या परंपरेचा एक जुना टप्पा आपल्याकडे मुक्कामाला राहिला आहे असे मला वाटते.

* * *

आपल्याकडे लीजहोल्डची भानगड सरकारी आणि ट्रस्टच्या जमिनींवर आहे. पण बहुसंख्य सोसायट्यांचे दुखणे वेगळे आहे आणि माझ्या मते अधिक चमत्कारिक. आपण सदनिका भाडेपट्ट्याने घेत नाही, 'ओनरशिप'ने घेतो. जमिनीची किंमत त्या रकमेत धरलेलीच असते. भाचीच्या शेजाऱ्यांना जमिनीसाठी नव्याने पैसे मोजायचे होते, आणि तिथे वाद होतो तो किती मोजायचे याचा. तो न्यायाधिकरणात जातो. आपले पैसे देऊन झालेले असतात. वाद होतो तो कागदाचा.

१९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. सगळे त्याला मोफा म्हणतात. कायदा वाचला तर वाटते की लिहिणाऱ्यांना बिल्डरची जात चांगली कळली होती. तिसऱ्या कलमानुसार बिल्डरने जमिनीवरचा आपला हक्क कोणत्या प्रकारचा आहे हे पूर्ण आणि खरे उघड करायचे, वकिलाकडून प्रमाणित करून घ्यायचे, आणि तो हक्क मिळकत पत्रिकेवर किंवा गावच्या सहा नंबर, सात-बारा नमुन्यांत चढलेला असायला हवा. दहावे कलम सोसायटी स्थापन करायला लावते. अकरावे कलम सांगते, की जमीन आणि इमारत यांतला आपला हक्क सोसायटीच्या नावे करून द्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर नियमांप्रमाणे सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिन्यांत. न केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद.

चार महिने! आमची सोसायटी १९८७ ची. वाचकांनी आपापल्या सोसायटीच्या नोंदणीचे साल आठवून पाहावे.

बिल्डर जमीन सोडत का नाही, याचे साधे उत्तर त्याचा आळस हे नाही. जमीन नावावर राहिली तर तिच्यावर पुढे जे उगवेल ते त्याचे. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला, हस्तांतरणीय विकासहक्क आले, आवारात आणखी एक विंग बसू लागली, की कालपर्यंत निव्वळ मोकळी दिसणारी जागा सोन्याची होते. त्यात १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. महाराष्ट्रात तो २००७ च्या नोव्हेंबरात रद्द होईपर्यंत 'यूएलसीची परवानगी अडली आहे' हे वाक्य बिल्डरच्या टेबलावर कायमचे पडून असे. कधी ते खरेही असे.

आम्हा लोकांनाही घाई नव्हती, हे कबूल केले पाहिजे. घरात राहत होतो, पाणी येत होते. जमीन कोणाच्या नावावर आहे याने नळाला फरक पडत नाही. पडला तो चाळिशी उलटल्यावर. तुळयांचे प्लास्टर सुटू लागले, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात छताचा तुकडा पडला, तपासणी झाली, आणि पुनर्विकासासाठी आलेल्या पहिल्याच माणसाने विचारले, 'कन्व्हेयन्स झालंय का?' बँकेनेही तेच विचारले. ज्या जमिनीवर बांधायचे ती सोसायटीची नसेल तर करार कोणाशी करायचा?

अशा सोसायट्यांसाठी २००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि 'मानीव अभिहस्तांतरण' हा भारदस्त शब्द आमच्या आयुष्यात आला. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. तो सक्षम प्राधिकारी. त्याने बिल्डरला नोटीस काढायची, ऐकून घ्यायचे, आणि सहा महिन्यांच्या आत एकतर्फी हस्तांतरणाला हे प्रकरण योग्य आहे असे प्रमाणपत्र द्यायचे. मग दस्त मुद्रांक अधिकाऱ्याकडे जातो, तिथून दुय्यम निबंधकाकडे, आणि बिल्डरची सही नसताना नोंदला जातो. इंग्लंडच्या कायद्यात मालक सापडतच नसेल तर न्यायालयात किंमत भरून जमीन मिळवायची सोय आहे. आपले मानीव अभिहस्तांतरण तिचे लांबचे भावंड म्हणता येईल. फरक इतकाच, की आपला बिल्डर सापडतो. चौकातच ऑफिस असते त्याचे.

* * *

आता मुख्य अडचण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमात विक्रेत्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातले एक म्हणजे मागणी झाल्यावर मालकीचे सगळे दस्त खरेदीदाराला तपासायला दाखवणे. साहजिक आहे. ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे कागद. पण मानीव अभिहस्तांतरणात विक्रेता गैरहजर असतो, किंवा हजर राहून हरकत घेत असतो. मग जमीन कशी आली, कोणाकडून आली, मध्ये तुटली का, हे सगळे तो सिद्ध करत नाही. ते करायचे सोसायटीने. म्हणजे ज्याच्याकडे एकही मूळ कागद नाही त्याने.

आणि सिद्ध कशाने करायचे? आपल्याकडे भाचीच्या तीन पानांसारखे काही नाही. १९०८ च्या कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. अमुक दिवशी अमक्याने तमक्याला अमुक जमीन विकल्याचा कागद केला, एवढेच त्यातून कळते. विकणारा मुळात मालक होता का, हे तो पाहत नाही. सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती या व्यवहारांची यादी. सात-बारा हा तर महसुलाचा कागद. जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. पण त्यावरून मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितले आहे की आता तलाठीही सांगतात. सात-बाऱ्यावर नाव का आले हे फेरफारात कळते, फेरफार कशावरून झाला हे दस्तात कळते, दस्त कोणत्या अधिकाराने झाला हे आधीच्या दस्तात. अशा पायऱ्या उतरत जायचे. खाली पाणी लागेल याची हमी नाही.

आमच्या जमिनीच्या पायऱ्या उतरायला मला चार वर्षे लागली. डोंबिवलीच्या कडेचे एक गाव, आता शहरातच मुरलेले. करारनाम्याला जोडलेल्या परिशिष्टात क्षेत्र सोळा गुंठे. गुंठा म्हणजे १२१ चौरस वार, १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे सुमारे १,६१८ चौरस मीटर. भूमी अभिलेखच्या मोजणीत भरले १,४०२. बाकीचे रस्त्याने खाल्ले होते. हा हिशेब तरी सुटणारा होता.

सात-बाऱ्यावर मालक म्हणून बिल्डर नव्हताच. एका शेतकरी कुटुंबातली सात नावे होती, आणि इतर हक्कांत एक ओळ: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी इमारती या ओळीवर उभ्या आहेत. कसेल त्याची जमीन हे धोरण अमलात आले तेव्हा १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवली, कुळाने ती हप्त्यांनी भरली, आणि शेवटी कलम ३२ मचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र अशी मिळालेली जमीन परवानगीवाचून विकायची नाही, हे बंधन त्रेचाळिसाव्या कलमाचे. दहा वर्षे उलटलेल्या जमिनींपुरते ते २०१४ मध्ये काही अटींवर सैल झाले. आमचा व्यवहार १९८४ चा. तेव्हा परवानगी हवीच होती.

कूळ कधीपासून, हे पाहायला जुने फेरफार काढले तर ते मोडीत. वाचून देणारे गृहस्थ पानाला पैसे घेत आणि तारीख देत नसत. शेवटी शनिवार-रविवारच्या वर्गात जाऊन मीच मोडी शिकलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी 'ग' आणि 'ज' यांनी माझी फार परीक्षा पाहिली. पण एका संध्याकाळी त्या वेटोळ्यांतून 'संरक्षित कूळ' ही अक्षरे आपोआप वर आली, तो आनंद मला सोसायटीत कोणाला सांगता आला नाही.

परवानगीचे पत्र कुठेच नव्हते. बिल्डर म्हणाला, पुरात गेले. माहिती अधिकारात विचारले तर 'अभिलेखात आढळून येत नाही' असे उत्तर आले. माग लागला तो बिनशेती आदेशात. सरकारी आदेशाच्या माथ्यावर 'वाचा' म्हणून एक यादी असते, आधीच्या पत्रांची. ती कोणी वाचत नाही. आमच्या आदेशातल्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर प्रांताधिकाऱ्यांच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख होती. तो क्रमांक घेऊन पुन्हा अर्ज केला, तेव्हा अभिलेख कक्षातल्या एका वयस्क कारकुनाने दोन दिवस खपून मूळ प्रत काढली. त्यांना चहा पाजला, तोही त्यांनी कँटीनमध्ये नको, बाहेर चला म्हणून.

म्हणजे परवानगी विकायला होती. पण विक्री कुठे होती? इथे साखळी तुटलेली निघाली. १९८४ साली त्या कुटुंबातल्या तीन भावांनी बिल्डरला साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र करून दिले. रक्कम चार हप्त्यांत. पुढे खरेदीखत व्हायचे ते झालेच नाही. मुखत्यारपत्राच्या बळावर बिल्डरने नकाशे मंजूर केले, बांधले, विकले. तिघांना दोन बहिणीही होत्या. वडील वारल्यावर १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात त्यांचाही वाटा होता, आणि त्यांच्या सह्या कशावरच नाहीत.

आमच्या वकिलांचे म्हणणे असे, की मोफात प्रवर्तक या शब्दाची व्याख्या रुंद आहे, बांधणारा एक आणि विकणारा दुसरा असेल तर दोघेही प्रवर्तक ठरतात. तेव्हा आपण बिल्डर आणि जमीनमालकाचे वारस या दोघांनाही प्रतिवादी करू. तसे केले. यादीतले सगळे कागद जोडले. करारनामे, इंडेक्स टू, सात-बारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला, तीस वर्षांचा शोध अहवाल. २०१८ च्या शासन निर्णयाने ही यादी आखूड केली, पण आमच्या फायली तोवर जाड होऊन चुकल्या होत्या. सर्वांत उपयोगी पडला तो कागद बिल्डरचाच होता. सदनिका विकताना मोफाप्रमाणे त्याने करारनाम्याच्या शेवटी वकिलाचा हक्क-दाखला टाचला होता. त्यात साठेकरार, परवानगी, मुखत्यारपत्र यांची तारीखवार हकिकत आहे. बहुतेकांनी तो भाग वाळवीला सोडला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी तेवढा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपला होता. वाचकांपैकी कोणाचा जुना करारनामा माळ्यावर असेल तर त्याची शेवटची पाने आधी पाहावीत.

प्रमाणपत्र मिळाले. पेढे वाटले. मी त्या रात्री आदेश पुन्हा वाचला आणि माझा पेढा तोंडातच राहिला.

* * *

मानीव अभिहस्तांतरणाने मिळते काय, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मजदा कन्स्ट्रक्शन विरुद्ध सुलतानाबाद दर्शन या प्रकरणात दिले आहे. प्रवर्तकाचा जो काही हक्क आहे तोच सोसायटीकडे जातो. सक्षम प्राधिकारी मालकीचा निवाडा करत नाही. ज्याला आपली मालकी वेगळी आहे असे म्हणायचे आहे त्याला दिवाणी न्यायालय मोकळे आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एव्हॉन आर्केडच्या प्रकरणात तेच सांगितले. सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने मालकीचा प्रश्न कायमचा मिटत नाही.

हे योग्यच आहे, असे माझे मत आहे. आमच्या सभेत मी ते बोललो तेव्हा लोक चिडले. पण विचार करा. उपनिबंधकाचे खाते सहकाराचे. सहा महिन्यांच्या संक्षिप्त चौकशीत त्याने चार पिढ्यांची मालकी ठरवावी, आणि ज्यांची जमीन जाते त्यांना पुढे दादही नसावी, हे चालेल का? भाचीच्या देशात नोंदवहीमागे सरकारची हमी आहे, म्हणून तिथे तीन पाने पुरतात. आपल्याकडे कागदामागे फक्त मागचा कागद आहे. हमी नाही, म्हणून वाट उघडी ठेवावी लागते.

त्या उघड्या वाटेने ते कुटुंब आले. दस्त नोंदला, तलाठ्याने फेरफार धरला, आणि वारसांनी हरकत घेतली. प्रकरण तक्रारी नोंद म्हणून वर गेले. त्यांचे म्हणणे, बिल्डरला आम्ही जमीन विकली नाही, विकायचे कबूल केले होते. आणि पूर्ण पैसेही मिळाले नाहीत.

कार्यकारिणीत यावर दोन तट पडले. आम्ही पूर्ण पैसे दिले, बिल्डरने पुढे दिले नसतील तर तो त्यांचा वाद, असा एक. काही रक्कम देऊन त्यांच्या संमतीचे दस्त करून घेऊ, असा दुसरा. पहिल्या तटाचा राग मला कळतो. अठ्ठावीस कुटुंबे, त्यांतली निम्मी पेन्शनवर, छताला टेकू लावलेले. एकाच जमिनीचे दोनदा पैसे का मोजायचे?

मी वारसांतल्या सर्वांत थोरल्या बाईंना भेटायला गेलो. आमच्या गेटपासून गावठाणातले त्यांचे घर चालत सहा मिनिटांवर आहे, आणि चाळीस वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. आजी ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. मी सोसायटीचा म्हटल्यावर त्यांनी पाट सरकवून दिला. 'तुमच्या पाण्याच्या टाकीखाली आमची विहीर हाय,' त्या म्हणाल्या. 'तीन येला पैशे आले. चौथ्या येला मालक गेले आणायला, तं हापिसला कुलूप.' मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते १९९१ ला गेले.

बाईंनी हे रागाने सांगितले नाही. मी विचारले म्हणून सांगितले. न्यायालयात याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला माहीत होते.

पण नंतर बिल्डरकडून सुनावणीत दाखल झालेल्या कागदांच्या छायाप्रती मी पुन्हा चाळल्या. साठेकराराच्या चार पावत्या होत्या. पहिल्या तिघींवर तीन भावांचे अंगठे, महसुली तिकिटावर अर्धे आलेले, शेजारी साक्षीदाराची सही. चौथी पावती टाइप केलेली, रक्कम भरलेली, तारीख भरलेली. तिकीट चिकटवलेले. त्यावर काहीही नाही. आमच्या शोध अहवालात तिचा उल्लेख 'अंतिम हप्ता अदा, पावती संलग्न' असा आहे, आणि तो अहवाल माझ्याच टिपणांवरून तयार झालेला आहे. तिकिटावर अंगठा आहे की नाही हे मी तेव्हा पाहिले नव्हते.

वकिलांना दाखवली. ते थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'ही आपली कागदपत्रे नाहीत, बिल्डरची आहेत. त्यांनी दाखल केली, त्यांनी सांभाळावीत. आपण बोट दाखवायची गरज नाही.' कायद्याने ते बरोबर असावे.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत मी चौथा विषय घातला आहे: जमीनमालकांच्या वारसांशी संमतीदस्ताबाबत बोलणी करण्यास मान्यता, आणि सोबत त्या पावतीची प्रत. अध्यक्षांनी प्रत काढून टाकायला सांगितले आहे. मी अठ्ठावीस प्रती काढून ठेवल्या आहेत. सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे.